शून्य ते साठ आणि ताकाचा तांब्या

मराठी माणूस दुसऱ्याच्या गाडीबद्दल दोनच प्रश्न विचारतो. ‘अ‍ॅव्हरेज काय देते?’ आणि ‘पिकअप कसा आहे?’ पहिल्यात काटकसर असते, दुसऱ्यात ईर्ष्या, आणि आपल्याकडे ही दोन्ही माणसं एकाच शर्टात सुखानं राहतात. शाळेत या पिकअपला आम्ही त्वरण म्हणायचो. एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. सेकंदाचा वर्ग म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. चौरस फूट कळतो, कारण वीस वर्षं त्याचे हप्ते भरलेत. चौरस सेकंदात कोण राहतं?

गेलं वर्षभर मात्र हे त्वरण आमच्या घरात लांबच्या पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलंय. त्याला घेऊन आले माझे साडू.

साडू हे नातं मोठं मजेचं आहे. एरवी ज्यांनी एकमेकांना पत्तासुद्धा विचारला नसता असे दोन पुरुष, केवळ दोन बहिणींपायी, जन्मभर एका तराजूच्या दोन पारड्यांत बसतात. तराजू सासुरवाडीच्या माजघरात टांगलेला असतो. आधी पगार तोलले जातात, मग फ्लॅट, मग मुलांचे दहावीचे मार्क, शेवटी गुडघे. आमचे साडू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला दादा म्हणतात, मी त्यांना अहोजाहो करतो. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. भांडायला जरा जवळीक लागते.

माझी गाडी डिझेल सेदान. २०१४च्या जूनमध्ये घेतली, कारण तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं आणि शोरूममधल्या मुलानं पाठकोऱ्या कागदावर पाच वर्षांच्या बचतीचा हिशेब मांडून दाखवला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त केले. तो पाठकोरा कागद मी अजून जपून ठेवलाय. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झालं, छोटी डिझेल इंजिनं त्या नियमांत बसवणं महाग पडायला लागलं, आणि मारुतीनं तर डिझेल गाड्या काढणंच थांबवलं. म्हणजे माझ्या गाडीच्या जातीत आता बारशी होत नाहीत, फक्त वाढदिवस होतात.

साडूंनी गेल्या पाडव्याला टियागो ईव्ही घेतली. इलेक्ट्रिक हॅचबॅक, निळी, शेपूट नसलेली. पेढे द्यायला आले तेव्हा ते आलेत हेच आम्हाला कळलं नाही. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर साडू, मागं मेहुणी, हातात पुडा. ‘गाडी कुठंय?’ तर खाली उभी. माझी गाडी सोसायटीच्या फाटकाशी आली की तिसऱ्या मजल्यावर बायको गॅसवर चहाचं आधण ठेवते. मी जिना चढून येईपर्यंत चहा गाळून तयार. अकरा वर्षांत तिनं एकदाही ‘किती वाजेपर्यंत येताय?’ असा फोन केलेला नाही. साडूंकडे मात्र आता रोज चहा उशिरा होतो. मेहुणीची तक्रार वेगळीच आहे. ‘भाऊजी, हे कधी येऊन मागं उभे राहतात ते समजतच नाही. फोनवर मोकळेपणानं बोलायची सोय राहिली नाही.’

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. बिनसलं ते एका मुंजीच्या दिवशी, कोथरूडच्या एका सिग्नलला. आमची गाडी डाव्या लेनमध्ये, साडूंची उजव्या. समोर लाल आकडे उतरत होते. पुण्यात तो आकडा शून्यावर येण्याची वाट बघणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर त्याच्या शेजारी हवालदार उभा असतो. बाकीचे तीनवर सुटतात. आम्ही दोघंही तीनवर सुटलो. म्हणजे सुटायचं ठरवलं. माझ्या गाडीत ठरवणं आणि सुटणं या दोन स्वतंत्र घटना आहेत. आधी पहिला गिअर टाकायचा. मग क्लच सावकाश सोडायचा, घाईनं सोडला तर गाडी आचका देऊन बंद पडते आणि मागचा रिक्षावाला आपलं कूळ काढतो. त्याच वेळी उजव्या पायानं रेस द्यायची. इंजिन घसा खाकरतं. गाडी हलते. मी आणखी रेस देतो. गाडी ‘हो हो, ऐकलं’ म्हणते. दुसरा गिअर. आणि मग एकदम, कुणीतरी मागून पाठीवर थाप मारावी तशी ती धावत सुटते. ती थाप बसली तेव्हा आम्ही चौक ओलांडत होतो. साडू पुढच्या सिग्नलला पोचून, खिडकीतून कोपर बाहेर काढून, आमची वाट बघत होते.

पुढचा सिग्नल लाल होता. आम्ही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. म्हणजे व्यवहारात कुणीच पुढं गेलं नव्हतं. पण बायको म्हणाली, ‘आपल्या गाडीला काय झालंय हो?’ अकरा वर्षांत गाडीला काहीही झालेलं नव्हतं. फक्त शेजारी दुसरी गाडी उभी राहिली होती.

त्या रात्री मी दोन्ही गाड्यांचे आकडे कागदावर मांडले. मांडल्यावर तर मी चक्रावूनच गेलो. माझ्या इंजिनाची ताकद शंभर घोडे, पीळ २०० न्यूटन मीटर. साडूंच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीची ताकद पंचाहत्तरच्या आसपास घोडे, पीळ ११४. पीळ म्हणजे टॉर्क; गॅरेजवाले त्याला ‘ओढ’ म्हणतात आणि तोच शब्द जास्त खरा आहे. कागदावर माझी ओढ जवळजवळ दुप्पट. आणि तरी त्यांची गाडी शून्यावरून ताशी ६० किलोमीटरचा वेग ५.७ सेकंदांत गाठते असं कंपनी सांगते. मी येत्या श्रावणात साठीला पोचतोय. मला शून्य ते साठ गाठायला साठ वर्षं लागली, आणि मधे गिअर बदलताना बरीच वाया गेली.

आकड्यांच्या मागचं कोडं मेहुणीच्या मुलानं सोडवून दिलं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आयुष्यातल्या त्या एकमेव काळात आहे जेव्हा माणसाला सगळं येत असतं. तो म्हणाला, ‘काका, तुमचे दोनशे खरे आहेत, पण ते १७५० आरपीएमला मिळतात. आमचे एकशेचौदा शून्याला मिळतात.’

आपल्याकडे याला अचूक शब्द आहे: उचल. गाडीला उचल चांगली आहे, असं आपण म्हणतो. आणि ऊसतोडीला निघालेला माणूस मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतो, तीही उचलच. साडूंच्या गाडीला सगळी उचल कामाला हात लावायच्या आधीच मिळते. माझ्या गाडीला आधी काम करून दाखवावं लागतं, मग पगार. पगार मोठा आहे, पण महिनाअखेरीस.

डिझेल इंजिनाची ही संथ सुरुवात त्याच्या स्वभावातच आहे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा तळ गरम होतो, ते आठवा. डिझेल म्हणजे तोच पंप, फार मोठ्या रागानं मारलेला. नळकांड्यात हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानं तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. ठिणगी नाही, काडी नाही. या कामाला जाड भिंती आणि जड दांडे लागतात, आणि जड वस्तू कुठलीही असो, उठायला वेळ घेते. त्यात वर टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक इवलंसं पातं फिरतं आणि ते आणखी हवा आत कोंबतं. म्हणजे धूर भरपूर निघाल्याशिवाय पातं फिरायचं नाही, आणि पातं फिरल्याशिवाय इंजिनात जोर यायचा नाही. लग्नघरात एक काका असतात, सगळी वाढपी मंडळी घामाघूम झाल्यावर उगवतात, पण उगवले की एकटे चार पंगती उठवतात. ते आमचे टर्बो.

विजेच्या मोटारीचं बरोबर उलटं. तिच्यात वीज सोडली की त्याच क्षणी चुंबक ओढायला लागतं. उभ्या मोटारीची ओढ पूर्ण असते. पण ती जोरात फिरायला लागली की स्वतःच थोडी उलट वीज तयार करू लागते, ती आतल्या विजेच्या आडवी येते आणि ओढ ओसरत जाते. भाच्यानं याचं गणित मांडून दाखवलं. मला गणिताशिवाय कळलं. नवा जावई सासरी आला की पहिल्या सेकंदाला पाट उचलतो, पाण्याचे तांबे भरतो, सासऱ्यांची पिशवी हातातून काढून घेतो. हा वेग दहा वर्षं टिकत नाही. जुन्या जावयाला तीनदा हाक मारावी लागते, पण एकदा उठला की तांदळाचं पोतं तोच माळ्यावर चढवतो. मी हे भाच्याला सांगितलं. ‘म्हणजे काका, बाबा मोटार आणि तुम्ही डिझेल,’ तो म्हणाला, आणि मी विषय बदलला.

सिग्नलवरची ही चुरस मला वाटलं आपल्याच काळाची देणगी. पण वाचता वाचता सापडलं की ती सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसजवळ आशेर नावाच्या गावच्या सरळ रस्त्यावर होऊन गेली आहे. १८९८च्या डिसेंबरात गास्तों द शास्लू-लोबा या फ्रेंच सरदारानं ताशी ६३ किलोमीटरचा वेग गाठला. बेल्जियमच्या कामिय जेनात्झीला हे बघवलं नाही. जानेवारीत त्यानं ६६ केले. त्याच दिवशी सरदारानं ७० केले. मग हा ८०, तो ९२. चार महिने दोघांचा हाच उद्योग. शेवटी २९ एप्रिल १८९९ला जेनात्झीनं काडतुसाच्या आकाराची गाडी आणली, तिच्यावर कमरेपासून वरचा सगळा बाहेर काढून बसला आणि ताशी १०५ किलोमीटरनं गेला. रस्त्यावरच्या गाडीनं शंभरी ओलांडली ती तेव्हा पहिल्यांदा. आणि या सगळ्या गाड्या, त्याच्या आणि सरदाराच्या, विजेवर चालणाऱ्या होत्या. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन दोनच वर्षांपूर्वी, १८९७ला, आउग्सबुर्गच्या कारखान्यात नीट चालू लागलं होतं. माणसाहून उंच, जागचं न हलणारं. त्याला शर्यतीत उतरवायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जेनात्झीनं आपल्या गाडीचं नाव ठेवलं होतं ‘ला जामे कोंतांत’. अर्थ, ‘कधीच समाधान नसलेली’. ते दोघं साडू नव्हते याची मी खात्री करून घेतली.

डिझेल आणि जेनात्झी या दोघांचे शेवट मात्र मला राहून राहून आठवतात. १९१३च्या सप्टेंबरात रुडॉल्फ डिझेल इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचं प्रेत समुद्रात सापडलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात जेनात्झी मित्रांबरोबर शिकारीला गेला, गंमत म्हणून झुडपाआड लपून जनावराचा आवाज काढला, आणि मित्रानं जनावर समजून गोळी झाडली. आवाज न करणाऱ्या गाडीनं ज्याला कीर्ती दिली, तो माणूस आवाज काढण्यापायी गेला. साडूंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘दादा, माझ्या गाडीचा हॉर्न चांगला आहे.’

मे महिन्यात दोन्ही कुटुंबं वाईला निघाली. सासूबाई तिथं एकट्या राहतात, ब्याऐंशी वर्षांच्या, आणि आमरस त्यांच्या हातचाच खायचा असा दंडक आहे. खेड-शिवापूरचा टोल ओलांडला, शिरवळच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि माझी गाडी माहेरी आल्यासारखी खुलली. साठाच्या पुढं तिचं राज्य सुरू होतं. ओढ पुरेपूर, टर्बोचं पातं बारीक शीळ घालतंय. एका कंटेनरला मागं टाकताना मी तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, आणि साठावरून नव्वदावर अशी काही गेली की मागच्या सीटवर ठेवलेली आंब्यांची पेटी सरकली. साडूंच्या निळ्या गाडीला ओलांडून मी पुढं आलो. हॅचबॅक धावत होती, पण सिग्नलवरचं ते अवसान नव्हतं. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. इथं मला तो वर्ग एकदाचा कळला.

पुढं खंबाटकीच्या चढाला आमच्यापुढं एक ट्रक होता, आणि त्याच्यापुढं दुसरा ट्रक पहिल्याला मागं टाकत होता. दोघांच्या वेगातला फरक बहुधा ताशी अर्ध्या किलोमीटरचा असावा. सगळा घाट आम्ही वीसच्या वेगानं चढलो. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा मी सहज म्हटलं, ‘काय मग, शिरवळच्या पुढं मागं राहिलात!’ साडूंनी माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्यानं बघितलं. ‘कधी? माझं लक्ष नव्हतं हो दादा. टक्के बघत होतो. एकसष्ट उरलेत.’ आणि मेहुणीनं दहावीचा निकाल ऐकावा तसं समाधानानं मान हलवली. आयुष्यात मी जिंकलेली ही एकमेव शर्यत, आणि हरणाऱ्याला ती झाल्याचं माहीत नाही.

वाईत गाडीला वीज हवी होती. पंधरा अँपिअरचा प्लग घरात एकच, न्हाणीघरातल्या गीझरचा. तिथून वायर खिडकीतून अंगणात सोडली आणि रात्रभर गाडी तिथं दूध पिणाऱ्या वासरासारखी बांधून ठेवली. सकाळी सहाला सासूबाई न्हाणीघराच्या दारात उभ्या. ‘जावईबापू, तुमची गाडी आंघोळ करून झाली असेल तर मी करते.’

त्याच सकाळी शर्यत ठरली. म्हणजे उघड कुणी ठरवली नाही. वाईच्या अलीकडे सासऱ्यांनी कधीकाळी घेतलेला एक प्लॉट आहे. आपल्याकडे हायवेला लागून जशी असतात तसंच ते प्लॉटिंग: भव्य कमान, तिच्यावर कुठल्याशा ‘नगरी’चं नाव, आत अर्धा किलोमीटर सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना बिनदिव्यांचे खांब आणि नंबर घातलेले दगड. घर एकही नाही. वस्ती म्हणाल तर एक रखवालदार आणि त्याच्या चार शेळ्या. सासूबाईंना वर्षातून एकदा तो प्लॉट बघायचा असतो आणि रखवालदाराला ताक द्यायचं असतं. साडू म्हणाले, ‘चला, मी सोडतो.’ मी म्हणालो, ‘मीही येतो, पाय मोकळे होतील.’ भाचा म्हणाला, ‘मी स्टॉपवॉच घेतो.’ ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते असं. फक्त इथं भांडं लपलेलं नव्हतं. पितळी तांब्या, काठाखाली अर्धं बोट एवढं ताक भरलेला, सासूबाईंच्या मांडीवर होता.

रखवालदाराला काय चाललंय ते न सांगता कळलं. बैलगाडा शर्यतीत तो पूर्वी झेंडापंचाच्या हाताखाली असायचा. मधली कित्येक वर्षं बंदी होती, २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी केली, पण तोवर याचे गुडघे गेले होते. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि शेळ्या हाकलल्या. आम्ही एकेकट्यानं धावायचं, भाच्यानं मागच्या सीटवरून काट्यावर डोळा ठेवून वेळ घ्यायची, असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मी उतरणार नाही. उन्हात कुठं उभी राहू?’

आधी साडू. मी रस्त्याकडेला. टॉवेल खाली आला, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठली, आणि निळी गाडी गेली. खरं सांगतो, बाहेरून बघताना ते जरा भुतासारखं वाटतं. प्रचंड काहीतरी घडतंय आणि आवाज फक्त डांबरावर टायर घासल्याचा. परत आले तेव्हा भाच्यानं जाहीर केलं, ‘सहा पूर्णांक चार.’ कंपनीच्या ५.७ पेक्षा जास्त, पण गाडीत तीन माणसं आणि एक तांब्या होता. साडूंनी गुपचूप स्पोर्ट मोड लावला होता, हे मला काचेतून दिसलं. मी बोललो नाही.

सासूबाईंच्या मांडीवरच्या पदराला ताकाचा एक मोठा, गोल डाग होता. एकच. भाच्यानं तिथल्या तिथं हिशेब केला. सहा सेकंदांत साठ म्हणजे पृथ्वी आपल्याला खाली ओढते त्याच्या साधारण तीन दशांश जोरानं गाडी मागून ढकलते. तेवढ्यानं भांड्यातल्या ताकाची पातळी पंधरा-सतरा अंशांनी कलते. तांब्याचं तोंड आठ सेंटिमीटर रुंद धरलं तर मागच्या काठाशी ताक सव्वा सेंटिमीटर चढतं. अर्धं बोट पुरत नाही. ‘आजी, तू बोटभर कमी भरायला हवं होतंस.’ सासूबाई म्हणाल्या, ‘माणसाला द्यायचं ताक मोजून भरत नाहीत.’

तांब्या पुन्हा काठाशी आणायला घरून आणलेली बाटली होती. मग त्या माझ्या गाडीत बसल्या. मी सीट पुढं घेतली, आरसा नीट केला, पट्टा ओढून बघितला. ‘काका, घड्याळ चालू करू की दुपारचं जेवून येऊ?’ मागून आवाज आला. टॉवेल पडला. क्लच, रेस, घसा खाकरणं, दुसरा गिअर, थाप. सात पूर्णांक नऊ. मी म्हटलं, हा सराव होता. दुसऱ्यांदा सगळी भीड सोडली, इंजिनाला पहिल्या गिअरमध्येच असं ताणलं की रखवालदाराच्या शेळ्या बांध ओलांडून पलीकडे गेल्या. सात पूर्णांक तीन. ‘गिअर बदलताना तुमचा पाऊण सेकंद जातो काका,’ भाचा म्हणाला. ‘त्या पाऊण सेकंदात गाडीला कुणीच ढकलत नसतं.’ शून्य ते शंभर करून बघू, तिथं माझं पारडं जड होईल, असं मी सुचवलं. पण रस्त्याच्या टोकाला ‘गणपती मंदिराची नियोजित जागा’ असा फलक होता आणि नियोजन माझ्यापासून सुरू व्हावं अशी कुणाची इच्छा नव्हती.

माझ्या गाडीतून सासूबाई उतरल्या तेव्हा पदरावर नवे तीन डाग होते. लहान लहान, पण तीन. साडूंच्या गाडीत ताक एकदाच मागं झुकलं आणि शेवटपर्यंत तसंच झुकून राहिलं होतं. माझ्या गाडीत ते मागं गेलं, क्लचबरोबर पुढं आलं, थापेबरोबर पुन्हा मागं गेलं, आणि असं हिंदकळत लोण्याचा एक गोळा वर आला होता. सासूबाईंनी तो बोटानं काढला, निरखून बघितला. ‘सकाळी घुसळलं होतं तरी राहिलं होतं बघा,’ त्या म्हणाल्या. मी याला शाबासकी मानायचं ठरवलं.

मग साडूंनी माझी गाडी चालवून बघितली. डावा पाय क्लच विसरलेला. जागेवरच दोनदा बंद पाडली. ‘हिला पाय तीन लागतात हो,’ म्हणाले. मी त्यांची घेतली. पाय ठेवला मात्र, कमान अंगावर आली. मधे काही नाही. खाकरणं नाही, थाप नाही, ठरवणं नाही. उतरल्यावर ‘छान आहे’ एवढंच म्हणालो. आवाज माझाच होता, पण जरा उशिरा निघाला.

रखवालदारानं शेळ्या गोळा करून आणल्या. सासूबाईंनी आधी त्याच्या लोटीत ताक ओतलं. त्यात कसूर केली नाही. मग पिशवीतून स्टीलचे दोन पेले काढले, गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि उरलेलं ताक दोघांत वाटलं. बॉनेट माझ्या गाडीचं होतं, गरम. पेले साडूंच्या गाडीच्या थंड बॉनेटवर हलवले. माझा पेला उंच आणि अरुंद होता, साडूंचा बुटका आणि रुंद. मी तिरक्या नजरेनं दोन्हींतल्या पातळ्या बघितल्या. साडूही बघत होते. भाच्यानं खिशातून मोबाईल काढला.

‘ठेव तो आत,’ सासूबाई म्हणाल्या.